काकांच्या चहाचा डाग

हे कुणाला सांगू नकोस असं आत्याने बजावलंय, तेव्हा तुमच्यापुरतंच ठेवा. आत्याचे यजमान, आमचे काका, गेले आणि महिन्याभरात त्यांचा रोजचा चहाचा कप फुटला. फुटके कप सोन्याने सांधायची जपानी कला शिकायला आत्या मला घेऊन कोथरूडला गेली.

शिकवणाऱ्या बाईंनी आधी तुकडे सोड्याने घासले. "स्वच्छ केल्याशिवाय जोड धरत नाही." आतला चहाचा जुना डाग पार निघाला. "बघा, अगदी नवा झाला."

आत्या म्हणाली, "हो. आता कुणाचाही वाटतो."

पुढे सोनेरी रेघ तिने सुरेख ओढली, पण घरी आल्यावर कप कपाटात मागे सारला. बाई घासत होत्या तेव्हा मी शेजारीच होते. नुसतं म्हणायला हवं होतं, की बाई, तो डाग...

"सई, आत ये गं जरा."

आले, आत्या.