जावईबापूंची बिनऔषधाची कॉफी

कॉफीचं म्हणाल, तर माझ्या लग्नाच्या पहिल्याच महिन्यात जळगावातल्या आमच्या घरी थेट कोलंबियाची कॉफी आली होती. नणंदेचे यजमान जर्मनीहून घेऊन आले होते. पुडा सगळ्यांना दाखवत म्हणाले, "याला थेंबभर औषध मारलेलं नाही. आणि शेतकऱ्याला रास्त भाव मिळालाय, तसं वर लिहिलंच आहे."

सासऱ्यांची कापसाची शेती. ते म्हणाले, "लिखीसन भाव भेटस? मंग आपला कापूसवर बी लिखा ना!"

पुड्यात निघाले अख्खे दाणे. कुटायचं काम अर्थात नव्या सुनेकडे. जावई ताटकळलेले, म्हणून मी खलबत्ता न धुता नुसता पुसून घेतला. आदल्या दिवशी त्यात काळा मसाला कुटला होता, हे आठवलं तेव्हा कप बाहेर गेले होते. आता माहेरचा उद्धार होणार, म्हणून मी दाराआड उभी.

जावईबापूंनी घोट घेऊन डोळे मिटले. "बघा! औषध न मारलेल्या मालाची चवच वेगळी. अस्सल मातीचा झणका!"

सासूबाईंनीही एक घोट घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "सूनबाई, सकाय बी खल धवू नको."