फर्स्ट शिफ्टवाला

पेणच्या स्टँडवर रोह्याच्या गाडीसाठी उभा होतो. पुढे दोन मुली होत्या, गणपतीच्या कारखान्यात डोळे आखणाऱ्या. बोटांवरचा काळा रंग अजून ओला होता.

“रविवारचं कार्टून बघितलंस काय गो, भाविका?”

“बघितलं. ती उडणारी बाय सगळ्या शहराला वाचवते, नि एक अनोळखी माणूस गोड बोलला तर त्याच्यासमोर मुखवटा काढून बसली!”

“एकटी हाय ती. ‘जेवलीस काय’ विचारणारं कोण नव्हतं तिला. त्यानं विचारलं.”

“त्याचे डोळे नाय बघितलेस, प्रतिक्षा? तोंड हसतं, डोळे हसत नाय. आपण अशी मूर्ती आखली तर मालक पुसायला लावेल.”

“माझा तो रोह्याचा पन रोज विचारतो, जेवलीस काय. दुपारी बाराला, कारखान्याच्या दारात.”

“बाराला? तो कंपनीत फर्स्ट शिफ्टला हाय ना?”

“व्हय. महिनाभर फर्स्ट शिफ्टच सांगतो.”

“फर्स्ट शिफ्ट तर तीनला सुटते गो.”

“तेच काल रात्री ध्यानात आलं.”

“मग रोह्याला कशाला चाललीस? घरी चल.”

“घरी नाय. कंपनीच्या गेटवर जाते, वॉचमनला त्याचं नाव विचारते.”

“नि नाव निघालं तर?”

“आमच्या घरी बोलवते, आईसमोर.”

“नि नाय निघालं तर?”

“तर रोह्यात पोटभर जेवते नि चारच्या गाडीनं परत येते.”

“एकटी?”

“तू नाय काय? चढ, गाडी लागली.”