राहून गेलेला युनिफॉर्म

दवाखान्यातल्या औषधांच्या रांगेत माझ्यापुढे एक बस कंडक्टर आणि तिची नणंद उभ्या होत्या.

"वहिनी, बीपी उतरलं की गं तुझं! गोळीसुद्धा अर्धी झाली."

"रोज सकाळी इस्त्री करताना प्रार्थना करते. ज्याचा कपडा हातात, त्याची काळजी प्रभूवर सोपवायची आणि घडी घालून मोकळं व्हायचं."

"आईचीसुद्धा?"

"त्यांची सगळ्यात आधी. नाहीतर दिवसभर डोक्यात बसून असतात."

"आणि तुझी स्वतःची?"

"माझा युनिफॉर्म राहूनच जायचा. आज बघते तर खुंटीवर इस्त्री करून टांगलेला."

"दादानं केली?"

"आईंनी. म्हणाल्या, 'रोज ऐकते, तुझंच नाव राहून जातं. आज मी घेतलं.'"

"आईनं? तिनं जन्मात इस्त्री धरली नाही!"

"ते दिसतंच आहे. ही बघ करपलेली कॉलर. सकाळपासून हाच घालून मिरवतेय."