हातांना पटत नाही

मानसोपचारतज्ज्ञाच्या दवाखान्यात शेजारी बसलेल्या मायलेकींचं बोलणं एका शिक्षिकेच्या कानावर पडत होतं.

“घरी तर सुईत दोरा एका झटक्यात ओवतेस.”

“ऑपरेशनला उभी राहिले की हात थरथरतात, आई.”

“एक पेशंट दगावला म्हणून?”

“चूक माझी नव्हती, सगळेच म्हणतात. हातांना पटत नाही.”

“मग थोडे दिवस सुट्टी घे.”

“आणि घरी बसून कोण होऊ? डॉक्टर सोडून मी दुसरं काही झालेच नाही गं.”

तेवढ्यात समोरचे आजोबा खुर्चीवरून धाडकन कोसळले. रिसेप्शनवरची मुलगी ओरडली, “सर यायचेत अजून! इथं कोणी डॉक्टर आहे का?”

शिक्षिका धडपडत आजोबांकडे धावली. मागून कुजबुज ऐकू आली.

“ऊठ ना, बाळा.”

“हळू बोल, आई. कोणीतरी ऐकेल.”