आडवं झाड

सावेली : ट्रॅक्टरवाल्याला कुणी सांगितलं? तूच ना? इमारतीची प्रमुख तू, तुला विचारल्याशिवाय या अंगणात पानसुद्धा हलत नाही!

रिम्मा : सावेलीकाका, ओरडू नका. सगळे खिडक्यांत आलेत.

सावेली : येऊ देत! बघू देत, माझ्या झोयाच्या सफरचंदाच्या झाडावर तू रस्त्यावरचा बर्फ ओतलायस. हे घे ढेकूळ. चाटून बघ.

रिम्मा : मी कशाला चाटू?

सावेली : मीठ आहे त्यात, मीठ! गाड्या घसरू नयेत म्हणून पोतीच्या पोती टाकतात. वसंतात वितळलं की सगळं मुळांत जाणार.

रिम्मा : मला वाटलं, बर्फ तो बर्फ.

सावेली : सायबेरियात जन्म गेला तुझा आणि बर्फ तो बर्फ? गरम पाण्याच्या पाइपावर तो टिकत नाही, तिथं मांजरं झोपतात. बॉयलरच्या धुराड्याखाली सगळी काजळी. रस्त्याकडेला खारट चिखल. आणि इथं, दोन इमारतींच्या मधे, नदीवरचा वारा सगळा झाडून नेतो. म्हणून तर ती...

रिम्मा : म्हणून ती थंडीआधी झाडावर फर वृक्षाच्या फांद्या पसरायची. बर्फ अडावा आणि त्याखाली झाड उबेत राहावं म्हणून. माहितीये मला. यंदा कुणी पसरल्या?

सावेली : यंदा त्या दिवसांत तिला पुरलं आम्ही. फांद्या कुठून सुचणार?

रिम्मा : तेच म्हणतेय. झाड उघडं पडलं होतं.

सावेली : म्हणून मीठ घातलंस? वा! गाड्या लावायला जागा हवी होती, असं सरळ सांग.

रिम्मा : खड्ड्यात गेल्या गाड्या! इस्पितळात तिनं माझा हात धरला होता. तुम्ही चहा आणायला गेलेलात. म्हणाली, "सावेलीला काही सुचायचं नाही. झाडावर बर्फ राहील एवढं बघ." मी रोज खिडकीतून बघत होते. आज उणे तीसच्या खाली जाणार म्हणून रेडिओवर सांगितलं आणि ट्रॅक्टर बर्फ भरून खाली उभा. मी कोट न घालताच धावले. त्याला थर्मासभर चहा दिला, म्हटलं, इथं टाक बाबा.

सावेली : मला विचारायला काय झालं होतं?

रिम्मा : तुम्ही दार उघडता? घावन केले तेही बाहेर ठेवून आले.

सावेली : जाड झाले होते.

रिम्मा : खाल्लेत ना?

सावेली : मूर्ख बाई. फावडं ठेव ते! ढेकळं हातानं उचल, फांदी मोडशील. किती वर्षं घालवली तिनं हे झाड जमिनीला टेकवून आडवं वाढवायला. बर्फाच्या वर डोकं काढलं की इथं सफरचंद मरतं.

रिम्मा : पण हे सगळं काढलं तर रात्री गोठेलच की.

सावेली : बालवाडीच्या मागे, बर्चच्या झाडांत बर्फ आहे. तिथं वारा पोचत नाही, गाडी जात नाही. मांडीपर्यंत पडलाय, भुसभुशीत. अंधाराआधी आणायचा.

रिम्मा : कशातून? बादल्यांनी होतंय का?

सावेली : गालिचा आहे.

रिम्मा : भिंतीवरचा? झोयाकाकूचा लाल?

सावेली : त्यावर बर्फ भरायचा आणि ओढत आणायचा.

रिम्मा : अहो, त्याला ती हात लावू द्यायची नाही कुणाला!

सावेली : मला सांगतेस? दर हिवाळ्यात तिथल्याच बर्फावर पालथा घालून बडवायची. यंदा धूळ तशीच आहे त्यात. तू आधी बडव, मग भरू.

रिम्मा : मी? आणि तुम्ही?

सावेली : मी इथं ढेकळं काढतो. जोरात बडव, रिम्मा. ती बडवायची तेव्हा इथपर्यंत ऐकू यायचं.