मागचं दार

ताई : आहेस तिथेच थांब. पाऊल उचलू नकोस.

धाकटा : साप?

ताई : नाही.

धाकटा : मग?

ताई : साप असता तर बरं झालं असतं. साप आपणहून निघून जातो.

धाकटा : ताई, माझा एक पाय हवेत आहे. तो ठेवू की नको, एवढंच सांग.

ताई : जिथून उचललास तिथेच ठेव. हळू… हं. माळीकाका, थांबला तो. मी फोन स्पीकरवर टाकलाय. आत्ता मला जे म्हणालात ते त्यालाही सांगा.

माळीकाका : कोण, छोटे का? किती वर्षांनी! आवाज अगदी साहेबांसारखा झालाय हो तुमचा.

धाकटा : मघाशी एका पायावर होतो काका, आता दोन्हींवर आहे. प्रगती आहे. तुम्ही कसे?

माळीकाका : गुडघे गेले. बाकी ठीक. त्या बागेत विहीर आहे.

धाकटा : कुठे?

माळीकाका : तेच आठवतोय.

ताई : मी यांना फोन केला तो हा वेल मुळासकट कसा काढायचा ते विचारायला. तर म्हणाले, विहिरीवरचा का? मी म्हटलं, कोणती विहीर?

धाकटा : मी या घरात अठरा वर्षं राहिलो. विहीर असती तर कोणीतरी काही बोललं असतं. जेवताना वगैरे.

माळीकाका : साहेबांनी कोणाला सांगू नका म्हणून सांगितलं होतं. मी नाही सांगितलं. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली, तरी नाही सांगितलं.

धाकटा : तुमचं इमान फारच टिकाऊ निघालं काका.

ताई : अहो काका, सोमवारपासून इथे माझं पाळणाघर सुरू होतंय. बारा मुलं. सगळ्यात मोठं पाच वर्षांचं. मी त्यांच्या आयांना छातीठोकपणे सांगितलंय, मागे मोकळी बाग आहे, पोरं मनसोक्त धावतील.

धाकटा : बारा मुलं सोमवारी. आज शनिवार. म्हणजे पहिला नंबर माझा.

ताई : गप्प बस. आत कसा गेलास तू?

धाकटा : सकाळी कुंपणापासून सुरुवात केली आणि गोलगोल कापत मध्यावर आलो. गोगलगायीच्या शंखासारखा. तूच म्हणालीस, काम पद्धतशीर कर.

ताई : मग त्याच वाटेने परत ये.

धाकटा : वाट राहिली नाही. कापलेला पाला मागे टाकत आलोय, गुडघाभर थर आहे. आणि एकदा पाय दिला तेव्हा पडलो नाही म्हणजे दुसऱ्यांदा पडणार नाही, असं असतं का? काका, असतं का?

माळीकाका : नसतं.

धाकटा : बघ.

ताई : मी अग्निशामक दलाला बोलावते.

माळीकाका : बोलवा, पण त्यांना कुंपणाबाहेर उभं करा. जड बूट घालून चार जण आत शिरले तर पाच जण काढावे लागतील. छोटे, एक करा. तुमच्या आजूबाजूला काय काय उगवलंय ते सांगा. विहिरीवर आम्ही माती टाकली होती वीतभर. वीतभर मातीत सगळीच झाडं तग धरत नाहीत. त्यावरून कळेल.

धाकटा : माझ्या फोनमध्ये झाडं ओळखायचं ॲप आहे. थांबा. डावीकडे कातरल्यासारखी नाजूक पानं आणि बारीक पांढरी फुलं. ॲप म्हणतंय, गाजर. ब्याण्णव टक्के.

ताई : आ… आक् छी! गाजर नाही, गाजरगवत! सकाळपासून मला शिंका कशाच्या येतायत? पायरी उतरले की डोळे सुजतात. आणि तू हात लावू नकोस, अंगभर खाज सुटेल.

धाकटा : सकाळपासून उपटतोय मी ते. म्हणजे बुडताना खाजवत बुडणार.

माळीकाका : गाजरगवताच्या साक्षीला अर्थ नाही. ते फरशीच्या फटीतही येतं. उजवीकडे?

धाकटा : उजवीकडे चार पावलांवर झुडूप आहे, कमरेच्या वर. खरखरीत पानं, बारीक काटे. एकाच गुच्छात पिवळी आणि गुलाबी फुलं, जसं काही ठरतच नव्हतं त्याचं.

माळीकाका : पान चुरगाळून वास घ्या.

धाकटा : चार पावलांवर आहे काका.

माळीकाका : हां हां. नका घेऊ. ती घाणेरी. कमरेएवढी घाणेरी म्हणजे तिची मुळं खोल गेलीत. तिच्याखाली पक्की जमीन आहे. तिच्यापर्यंत पोचलात की सुटलात.

ताई : घरातल्या फोनवरून अग्निशामक दलाला कळवलंय, निघालेत ते. काका काय म्हणाले ऐकलंस? चार पावलं.

धाकटा : ऐकलं. त्या चार पावलांत विहीर नाही, हे मात्र अजून कोणी म्हणालं नाही.

माळीकाका : मधे काय आहे?

धाकटा : नुसता वेल. हाताच्या पाच बोटांसारखं पान, जांभळी कर्ण्यासारखी फुलं. सकाळी मला फार आवडली होती.

माळीकाका : गारवेल. तो मीच लावला. नर्सरीवाला म्हणाला, लवकर भरतो. भरला.

धाकटा : भरला? काका, त्याने लिंबू खाल्लं, पेरू खाल्ला, कपडे वाळत घालायचे खांब खाल्ले. माझी तिचाकी सायकल सकाळी त्याच्या पोटातून निघाली.

ताई : बाबांचा फार लाडका होता तो वेल. कोणाला हात लावू द्यायचे नाहीत.

धाकटा : मी रोज संध्याकाळी पायरीवर बसलेला असायचो. ते माझ्या शेजारून जायचे, या वेलात कोपरापर्यंत हात घालायचे, क्षणभर डोळे मिटायचे आणि येऊन हात धुवायचे. मला वाटायचं, वेलाची नाडी बघतात. मला ताप आला तरी माझी कधी बघितली नाही.

माळीकाका : छोटे, ते नंतर बोलू. वेलाचं ऐका. जागोजागी पेरं आहेत ना त्याला? ती टेकतील तिथे नवी मुळं धरतो. म्हणून नुसता कापून तो कधी जात नाही. पण मूळ बुंधे चारच. विहिरीच्या चार कोपऱ्यांना, बाहेरच्या जमिनीत मी चार रोपं लावली होती. आता एक फांदी हातात धरा. बुंध्याकडे ती जाड होत जाते, शेंड्याकडे बारीक. जाड होतेय तिकडे विहीर. आपण बारीक होईल तिकडे जायचं.

धाकटा : हे सोपं आहे. घाणेरीच्या बाजूची धरतो. करंगळीएवढी… अंगठ्याएवढी… काका, जाड होतेय. पुढे तर मनगटाएवढी आहे.

माळीकाका : म्हणजे विहीर उजवीकडे. तिकडे नका जाऊ. डावीकडची धरा.

धाकटा : डावीकडची… हीसुद्धा जाड होतेय.

माळीकाका : समोरची?

धाकटा : समोरचीसुद्धा.

ताई : नीट बघ ना रे! सगळीकडे कशी जाड होईल?

धाकटा : ताई, मी जाड आणि बारीक यात फरक करू शकतो. मला पदवी आहे.

माळीकाका : मागची?

धाकटा : मागची नाही. मागचा बुंधा मी सकाळी कापला. मनगटाहून जाड होता, अर्धा तास लागला. मी त्याच्याबरोबर फोटो काढून तुला पाठवला होता, ताई.

ताई : मी त्यावर अंगठा पाठवला.

धाकटा : काका? काका, तुम्ही आहात ना?

माळीकाका : आहे. छोटे, पायाखाली काय लागतंय?

धाकटा : पाला. आणि मघापासून बुटाच्या टाचेला काहीतरी टोचतंय. दगड असेल.

माळीकाका : हलके खाली बसा. हाताने चाचपा.

धाकटा : बसलो. गार आहे. लोखंडी. लांबट, पुढे वळलेलं… काका, ही कडी आहे.

ताई : कसली कडी?

धाकटा : दाराची. ताई, मी एका दारावर बसलोय.

ताई : मागचं दार!

धाकटा : काय?

ताई : आपलं मागचं दार रे! इथे मी उभी आहे ना, इथे तुझ्या जन्मापासून पडदा आहे. बाबा म्हणायचे, घरात वारा खेळता हवा. थंडीत आपण टोप्या घालून जेवायचो.

माळीकाका : छोट्यांच्या जन्मापासून नाही. छोटे तीन वर्षांचे होते. तुम्ही राहायला येऊन दोन दिवस झाले होते. विहीर जमिनीच्या पातळीत, तिला कठडा नाही. छोटे काठावरून वाकून आत बघत होते. साहेबांनी मागून कॉलर धरली. गवंडी म्हणाला, वर लादी टाकायला चार दिवस लागतील. साहेब म्हणाले, चार दिवस कोण थांबणार? त्याच दुपारी मागचं दार चौकटीसकट उखडलं, विहिरीवर आडवं टाकलं, कडेने सिमेंट लावलं. तात्पुरतं.

धाकटा : तात्पुरतं.

माळीकाका : असं म्हणाले होते. तिसऱ्या दिवशी तुम्ही कडी काढायला शिकलात. म्हणून मग वर माती आणि मातीवर वेल.

ताई : काका, तीस वर्षं! लाकूड राहिलं असेल का?

माळीकाका : लाकूड कधीच गेलं असेल ताई. आता ते वेलानेच तोलून धरलेलं असणार. चार बुंध्यांनी.

धाकटा : तीन.

माळीकाका : हो. तीन.

ताई : मी दोरी आणते. कपड्यांची.

धाकटा : ती ओल्या टॉवेलने तुटते, ताई.

ताई : मग मी येते!

धाकटा : तू आलीस तर शिंकशील. मला एका शिंकेचंही वजन परवडणार नाही. करकरलं बघ. ऐकलंस?

ताई : नाही ऐकलं. मला काही ऐकू नाही आलं. काका, काहीतरी सांगा हो त्याला!

माळीकाका : छोटे, पालथे पडा. हातपाय पसरून. कोयता आहे का हातात?

धाकटा : आहे.

माळीकाका : सोडून द्या. घाणेरीच्या बाजूचा जाड वेल दोन्ही हातांनी धरा. त्याच्याएवढी दोरी बाजारात मिळायची नाही. ओढू नका, नुसतं धरून सरपटत सरका. गुडघे टेकू नका.

धाकटा : सकाळपासून मी याला शिव्या देतोय, काका. तो धरेल का मला?

माळीकाका : साहेबांचा वेल आहे.

धाकटा : पडलो पालथा. कान दाराला लागलाय. आत काहीतरी आहे.

ताई : काय आहे?

धाकटा : माझाच श्वास. खालून परत येतोय. ताई, आतून कोणी 'कोण आहे' म्हणालं तर काय सांगू?

ताई : सांग, चुकीचं घर. सरक तू! सरक!

धाकटा : सरकलो. एक हात. दोन हात. उजवा पाय जड झाला… नाही, पाय नाही जड झाला. पायाखालचं गेलं. पाय आत गेलाय, ताई. गार लागतंय.

ताई : बाळा, वर काढ. वर काढ पाय. मी इथेच आहे, माझ्याकडे बघ. नाही, माझ्याकडे नको, घाणेरीकडे बघ.

धाकटा : तू मला बाळा म्हणालीस. म्हणजे परिस्थिती फारच वाईट आहे.

माळीकाका : वेल ताणला का?

धाकटा : ताणलाय. धरलंय त्याने. पाय निघाला, बूट राहिला. सरकतोय. बुंधा आला. जमीन… काका, घाणेरीला मिठी मारलीय. काटे टोचतायत. फार छान टोचतायत.

(बागेत काहीतरी बराच वेळ करकरत मोडतं. मग काहीच नाही, इतका वेळ की ताई आकडे मोजू लागते. मग खूप खालून पाणी वाजतं.)

ताई : बोल. काहीतरी बोल.

धाकटा : मागचं दार उघडलं.

ताई : बाजूला हो. अजून बाजूला. कुंपणाला पाठ लाव आणि तसाच ये. अग्निशामकवाले आले, गाडीचा आवाज येतोय. त्यांना बाहेरच थांबवते. आणि सोमवार रद्द. आधी लादी पडेल, मग पोरं येतील. आयांना मी काय सांगायचं ते बघते.

माळीकाका : लादी पडेपर्यंत उरलेले तीन बुंधे काढू नका. नंतर काढायचे तर फक्त कापू नका, खणून काढा, पेरन् पेर वेचून. एक पेर राहिलं तरी तो पुन्हा भरेल.

धाकटा : भरू दे. काका, ते वेलात हात घालून बघायचे तरी काय?

माळीकाका : कडी. कडीपुरती जागा मोकळी ठेवायला लावली होती त्यांनी मला. ती लागलीय की नाही, ते रोज बघायचे.

ताई : शेवटी शेवटी तर वाकताही यायचं नाही त्यांना. काठी टेकत जायचे. पडाल म्हणून मी ओरडायची.

धाकटा : पण तेव्हा मी इथे नव्हतोच, काका. दुसऱ्या गावात नोकरी करत होतो. तीस वर्षांचा होतो.

माळीकाका : मीही तेच म्हणालो एकदा. तर म्हणाले, त्याचं काय सांगावं, येईल कधीही.

ताई : आलास ना कुंपणापाशी? हात दे. हात दे इकडे. केवढं ओरबाडलंय.

धाकटा : ताई.

ताई : काय रे?

धाकटा : मी हात लावला तेव्हा लागलेली होती ती.