गार्ड येईपर्यंत

दिनांक १६/१०/२०२४

मी, दीक्षा प्रल्हाद तायडे, वय ३४ वर्षे, धंदा खासगी दवाखान्यात नर्स, रा. अकोला, सध्या न्यायाधीन बंदी, महिला विभाग. कोर्टाच्या परवानगीने कारागृहात माझी विचारपूस झाली, त्यावरून समक्ष सांगते की,

मी सात महिन्यांपासून येथे आहे. मयत माणिकबाई, वय ५७, रा. धामणगाव रेल्वे, माझ्याच बराकीत होत्या. आमची अंथरुणे शेजारी होती.

दि. १३ रोजी, रविवारी, दुपारी पावणेदोनच्या सुमारास त्या जेवणावरून उठल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. मला म्हणाल्या, "पोरी, छातीवर कोणी बसल्यावानी वाटून राहिलं." त्यांना दरदरून घाम आला होता, डावा हात दुखत होता. मी ड्युटीवरील शिपाई अनसूया मॅडम यांना सांगितले की हा हार्ट अटॅक आहे, अ‍ॅस्पिरिन चघळायला द्या आणि लगेच हलवा. त्या म्हणाल्या, "तू इथं नर्स नाहीस, बंदी आहेस." तरी त्यांनी ऑफिसला फोन लावला. डॉक्टर रविवारी येत नाहीत. औषधांच्या खोलीची किल्ली कंपाउंडरकडे असते. पित्ताची एक गोळी मिळाली.

अ‍ॅम्ब्युलन्स आवारातच उभी होती. आम्हाला ती गजांतून दिसत होती. परंतु बाहेर न्यायला पोलिसांचा गार्ड लागतो, आणि तो देवी विसर्जनाच्या बंदोबस्तात गेल्याचे समजले. मॅडमनी आणखी तीनदा फोन केला. शेवटी त्याच मला म्हणाल्या, "मी काय करू, तूच सांग."

माणिकबाईंनी विचारले, "गार्ड आला का वं?" मी "येऊन राहिला" असे सांगितले. ते खरे नव्हते.

चार वाजून दहा मिनिटांनी त्यांचा श्वास थांबला. मी छाती दाबत राहिले. पावणेपाचला गार्ड आला. तेव्हा मॅडमनी माझे हात धरून मला बाजूला केले.

कोणाविरुद्ध तक्रार आहे काय, असे विचारल्यावरून सांगते की, या जबाबानंतर मला त्याच बराकीत जायचे आहे. तेथील बंदी सुंदराबाई, वय ६१, यांच्या बीपीच्या गोळ्या चार दिवसांपासून संपल्या आहेत. आज सकाळपासून त्यांचे डोके दुखत आहे.

जबाब मला वाचून दाखविला. त्यात सुंदराबाईंबद्दलचा मजकूर सुटला होता, तो माझ्या सांगण्यावरून घालण्यात आला. आता जबाब बरोबर आहे.

समक्ष
सही / दीक्षा प्र. तायडे